गुडघ्याची वाटी बदलायची ठरली? तारखेआधी नाकाचा स्वॅब द्या

गुडघ्याची वाटी बदलायची असं ठरलं की घरात आधी दोन गोष्टींवर चर्चा होते: खर्च किती आणि तारीख कुठली. ऊस कारखान्याला गेल्यावर, दिवाळी झाल्यावर, नातवाची परीक्षा संपल्यावर. तारीख ठरते, रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे सगळं होतं. मग ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ॲडमिट झाल्यावर सिस्टर नाकात कापसाची काडी फिरवून जाते. या काडीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यात काही निघालं तर पुढची तयारी पाच दिवसांची असते. म्हणजे सकाळी ऑपरेशन होऊन पेशंट वॉर्डात आला, चालायलाही लागला, की मग रिपोर्ट हातात येतो. अशा तपासणीचा उपयोग फाइल जाड होण्यापलीकडे फारसा नाही.

सांधेरोपणाच्या पेशंटची ऑपरेशनपूर्व तयारी बघणं हे माझं काम. या काडीने ज्याला शोधतात त्या ‘एमआरएसए’ जंतूचं नाव समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलेलं असतं, आणि सोबतच्या मुलाने किंवा सुनेने तोवर फोनवर भलतंच काही वाचून ठेवलेलं असतं. म्हणून क्रमाने लिहिते. औषध कोणतं आणि किती हे तुमचे सर्जन ठरवतील. त्यांनी सांगितलेलं आणि इथे लिहिलेलं यात फरक दिसला तर त्यांचं ऐका, फक्त कारण विचारून घ्या.

नाकात नेमकं काय शोधतात

स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू साधारण तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकाच्या पुढच्या भागात मुक्कामाला असतो. काखेत, जांघेत, घशातही सापडतो. त्याने सर्दी होत नाही, ताप येत नाही. गळू आणि केसतूड हे बहुतेक वेळा त्याचेच उद्योग, पण एरवी तो गप्प असतो. याच जंतूची एक जात नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, ती एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफ सापडल्याची नोंदसुद्धा झाली. मेथिसिलिन आता कोणी वापरत नाही, पण सांधेरोपणाआधी नेहमी देतात ते सिफाझोलिन हे अँटिबायोटिकही या जातीवर चालत नाही, आणि आपली अडचण तिथे आहे.

बसवलेला सांधा धातूचा आणि प्लास्टिकचा. त्याला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्याच्यावर बसला की पावसाळ्यात पायरीवर शेवाळ धरावं तसा चिकट थर तयार करतो, आणि त्या थराखाली औषध पुरेसं पोहोचत नाही. चांगल्या ठिकाणीसुद्धा पहिल्या सांधेरोपणानंतर शंभरात एखाद-दोन जणांना असा खोल संसर्ग होतो. आकडा लहान आहे. पण ज्याला होतो त्याचा गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागतो, तेवढ्याने भागलं नाही तर बसवलेला सांधा काढून तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवावा लागतो, कित्येक आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि मग पुन्हा नवा सांधा. पैसे आणि हाल, दोन्ही पहिल्या खेपेपेक्षा जास्त.

हे जंतू बऱ्याचदा पेशंटच्या स्वतःच्याच नाकातून आणि कातडीवरून आलेले असतात. म्हणून नाक आधी बघायचं.

पायरी १: तारखेवरून मागे मोजा

ऑपरेशनच्या साधारण तीन-चार आठवडे आधी स्वॅब दिला की पुरेसा वेळ मिळतो. त्याहून फार आधी, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट, उपयोगाचा नाही. या जंतूचं येणं-जाणं चालूच असतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मलम आणि अंघोळीचा पाच दिवसांचा कोर्स असा सुरू करायचा की तो ऑपरेशनला लागून संपेल. महिनाभर आधी उरकून टाकला तर जंतू परत येऊन बसायला मोकळा.

गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, कोकण किंवा निपाणीकडून कोल्हापूरला येणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनआधी एकदा तपासायला बोलावतातच. त्याच फेरीत स्वॅब देऊन टाका. चंदगडहून शंभरावर किलोमीटर गाडी करून नुसत्या काडीसाठी यायचं म्हटलं की माणूस टाळतो, आणि ते साहजिक आहे. रिपोर्ट फोनवर मिळेल का, आणि पॉझिटिव्ह आल्यास पुढची चिठ्ठी तिथेच जवळच्या मेडिकलमध्ये चालेल का, हे निघण्याआधी विचारून ठेवा.

जुलै-ऑगस्टमधली तारीख घेत असाल तर अजून एक. २०१९ आणि २०२१ चे पूर कोणी विसरलेलं नाही. पंचगंगेला पाणी चढलं की शिरोळ-करवीरमधल्या गावांचे रस्ते बंद होतात, तारीख पुढे जाते आणि घेतलेला पाच दिवसांचा कोर्स वाया जातो. तारीख आठ-दहा दिवसांनी हलली तर ‘कोर्स परत करायचा का?’ असा थेट प्रश्न सर्जनना विचारा. उरलेली ट्यूब आहे म्हणून स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका.

खुब्याचं हाड मोडून आलेल्या आजीला हे वेळापत्रक लागू नाही. तिथे लवकर ऑपरेशन होणं जास्त महत्त्वाचं. स्वॅब ॲडमिट करतानाच घेतात, अंघोळ-मलम रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात आणि जोखीम जास्त वाटली तर जादा अँटिबायोटिक देतात. रिपोर्टसाठी ऑपरेशन थांबवा असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

पायरी २: मागचा इतिहास लपवू नका

सगळेच सर्जन सगळ्यांचा स्वॅब घेत नाहीत. तीन पद्धती रूढ आहेत: सगळ्यांची तपासणी, फक्त जोखमीच्या पेशंटची तपासणी, किंवा तपासणी न करता सगळ्यांनाच अंघोळ आणि नाकाचं औषध. तिन्हींच्या बाजूने बोलता येतं. तुमच्या ठिकाणी कोणती पद्धत आहे एवढं मात्र विचारा. तिन्हींपैकी एकही नसेल तर का नाही, हेही विचारायला हरकत नाही.

जोखीम कोणाला जास्त? गेल्या वर्षभरात दवाखान्यात ॲडमिट झालेले, त्यातही आयसीयूत राहिलेले. डायलिसिसवर असलेले. लघवीची नळी असलेले. पायाला मधुमेहाची जखम असलेले. वरचेवर गळवं होणारे. आधी कधी एमआरएसए निघालेला आहे असे. आणि ज्यांनी अलीकडे अँटिबायोटिकचे बरेच कोर्स घेतले आहेत असे.

या शेवटच्या गटात किती माणसं बसतात हे विचारल्याशिवाय कळत नाही. ‘औषधं काही चालू नाहीत’ म्हणणाऱ्या काकांच्या खिशात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघते. कोणी रागावणार नाही. नाव आठवत नसेल तर पट्टीच घेऊन या. स्वॅबच्या आधीच्या दिवसांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर जंतू असूनही उगवत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

जुन्या फाइली आणाच. दुसऱ्या गावातल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, जुना कल्चरचा (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट, काहीही. गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर तेही तारखेसह सांगा. स्टिरॉइडच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर संसर्गाचा धोका वाढतो, आणि पुष्कळांना आपल्याला दिलेलं इंजेक्शन स्टिरॉइडचं होतं की दुसरं कसलं हे माहीतच नसतं.

पायरी ३: स्वॅब देणं

पहिला प्रश्न नेहमी हाच: “उपाशीपोटी यायचं का?” नाही मावशी, भाकरी खाऊन या.

दुसरी भीती कोरोनातल्या तपासणीची. तेव्हा काडी पार आत घालत होते. ही काडी नाकाच्या पुढच्या भागात, जेमतेम एक-दोन सेंटिमीटर आत जाते. नाक कोरडं असेल तर काडी निर्जंतुक सलाइनमध्ये ओली करतात. एकाच काडीने दोन्ही नाकपुड्यांच्या आतल्या भिंतीवर चार-पाच वेळा गोल फिरवायचं, झालं. गुदगुल्या होतात, डोळ्यांत पाणी येतं, शिंकही येते. दुखत नाही. काही ठिकाणी काख, जांघ किंवा घसा यांचाही वेगळा स्वॅब घेतात, कारण नुसत्या नाकात शोधलं तर काही वाहक निसटतात. अंगावर कुठे चिघळलेली जखम असेल तर ती दाखवा, तिथलाही घेतील.

त्या दिवशी सकाळी नाकात कसलंच मलम किंवा थेंब नकोत. आणि तपकीर नको. आपल्या भागात तपकीर ओढणारे आजी-आजोबा अजून पुष्कळ आहेत; घरच्यांना ठाऊक असतं पण डॉक्टरांपुढे कोणी बोलत नाही. तपकिरीच्या पुडाने काडी काळी होते आणि नमुना नीट मिळत नाही. पुढच्या पाच दिवसांत नाकात मलम लावायचं असेल तेव्हाही तपकीर पूर्ण बंद. मलमावर तपकीर ओढली तर दोन्ही एकत्र गोळा होऊन बाहेर येतं, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखवत असाल तर मायक्रोबायोलॉजीचा, म्हणजे जंतू तपासायचा विभाग तिथेच असतो, नमुना आवारातच पोहोचतो. राजारामपुरी-शाहूपुरीत खासगी दवाखान्यात दाखवत असाल तर विचारा, की कल्चर इथेच लावतात का नमुना पुण्या-मुंबईला जातो. बाहेर जात असेल तर एक-दोन दिवस जास्त धरा आणि शक्यतो शनिवारी देऊ नका.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा, पण बहुतेकांकडून राहून जाणारा प्रश्न. लॅबला आणि सर्जनना विचारा: “फक्त एमआरएसए बघणार, की साधा स्टॅफ ऑरियस असेल तर तोही रिपोर्टमध्ये लिहिणार?” बऱ्याच ठिकाणी एमआरएसए स्क्रीनिंग म्हटलं की लॅब तेवढंच शोधते आणि ‘एमआरएसए आढळला नाही’ असं लिहून मोकळी होते. नेहमीच्या औषधांना दाद देणारा स्टॅफ, म्हणजे एमएसएसए, नाकात भरपूर असला तरी रिपोर्ट निगेटिव्हच दिसतो. पण सांध्याला तोही तितकाच नको आहे. २०१० साली नेदरलँड्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दवाखान्यात दाखल होताना नाकात स्टॅफ असलेल्या पेशंटना मुपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिन साबण दिला, तेव्हा या जंतूचे दवाखान्यात होणारे संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. त्या अभ्यासात सापडलेले जंतू एमएसएसएच होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अस्थिरोग शस्त्रक्रियेच्या पेशंटबद्दल लिहिताना ‘स्टॅफ ऑरियसचे वाहक’ असंच म्हटलं आहे, निव्वळ एमआरएसएचे नव्हे. प्रतिकार करणाऱ्या जंतूची धास्ती मोठी म्हणून साध्याकडे दुर्लक्ष होतं, आणि मला ते पटत नाही.

पीसीआर नावाची झटपट तपासणीही असते, काही तासांत उत्तर देणारी. ती महाग पडते. हातात तीन आठवडे असतील तर साधं कल्चर पुरतं, शिवाय त्यात कोणतं औषध चालेल हेही कळतं.

पायरी ४: रिपोर्ट वाचताना घाबरू नका

‘नो ग्रोथ’ (काही उगवलं नाही) किंवा ‘नॉर्मल फ्लोरा’ (नेहमीचेच जंतू) लिहिलं असेल तर विषय संपला.

‘स्टॅफ ऑरियस’ लिहून खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर असं दिसेल. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे चालत नाही. यादीत सेफॉक्सिटिन शोधा. त्याच्यापुढे आर असेल तर तो एमआरएसए. सेफॉक्सिटिन तुम्हाला देणार म्हणून ते तिथे नसतं. लॅबमध्ये एमआरएसए ओळखायला तेच वापरतात. मुपिरोसिनपुढे काय लिहिलं आहे तेही बघा. तिथे आर असेल तर नाकाला दुसरं औषध लागेल.

कधी कधी ‘कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ’ असं लांबलचक नाव येतं, आणि त्यापुढे मेथिसिलिन रेझिस्टंटही लिहिलेलं असतं. ते वाचून लोक रडकुंडीला येतात. हा कातडीवरचा नेहमीचा रहिवासी आहे. नाकाच्या स्वॅबमध्ये तो निघाला म्हणून सहसा काही करावं लागत नाही.

पॉझिटिव्ह याचा अर्थ आजारी असा नव्हे. तुम्ही वाहक आहात, एवढंच. ऑपरेशन रद्द होत नाही, बहुतेक वेळा तारीखही हलत नाही. आईच्या नाकात निघाला म्हणून तिचं ताट वेगळं करायचं, नातवंडांना जवळ जाऊ द्यायचं नाही, असले प्रकार करू नका. तिने भाकरी थापल्या तरी चालतील, हात धुऊन. घरातल्या सगळ्यांचे स्वॅब काढायचीही सहसा गरज नसते.

आणि नाकात जंतू सापडला म्हणून पोटात घ्यायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू करायची नसतात. रिपोर्टवर लिनेझोलिड या अँटिबायोटिकपुढे एस दिसतं, कोणी ओळखीचा ते सुचवतो, आणि दहा दिवसांचा कोर्स होतो. त्याने नाक साफ होईलच असं नाही, रक्तातल्या प्लेटलेट मात्र कमी होऊ शकतात, आणि उद्या खरंच संसर्ग झाला तर हाताशी असलेलं एक चांगलं औषध बोथट झालेलं असतं.

लघवीच्या कल्चरचंही असंच आहे. वयस्क बायकांच्या लघवीत बऱ्याचदा ई. कोलाय निघतो, त्याच्यापुढे ‘ईएसबीएल’ (बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा) असंही लिहिलेलं असतं. जळजळ, ताप, वारंवार लघवी असं काही नसेल तर सांधेरोपणाआधी नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देऊ नये, असंच आताच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्रास असेल तर उपचार करून मगच ऑपरेशन.

पायरी ५: पाच दिवसांची तयारी

नेहमीची पद्धत अशी: नाकात दोन टक्के मुपिरोसिन मलम दिवसातून दोनदा, आणि चार टक्के क्लोरहेक्सिडिनने रोज अंघोळ. पाच दिवस, एकही न चुकवता. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून राहिलं असं होऊ देऊ नका.

मलम घेताना मेडिकलवाल्याला ‘नाकात लावायचं आहे’ असं सांगा. कातडीवर लावायचं मुपिरोसिन वेगळ्या बेसमध्ये असतं, ते नाकात झोंबतं. नाकासाठीचं वेगळं मिळतं. मिळत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, दुकानदाराला ठरवू देऊ नका. हात धुवायचे, मुगाच्या दाण्याएवढं मलम कापसाच्या काडीवर घेऊन एका नाकपुडीत आतून लावायचं, दुसऱ्या नाकपुडीला दुसरी काडी. मग नाक बाहेरून चिमटीत धरून हलकं चोळायचं म्हणजे आत सगळीकडे पसरतं. फार खोल घालायचं नाही. ट्यूब एकाचीच, घरभर वाटायची नाही.

अंघोळीचं जरा सविस्तर सांगते, कारण चूक तिथे होते. बादलीत औषध ओतून त्या पाण्याने अंघोळ केली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं केल्याने औषध इतकं पातळ होतं की ते लावलं काय आणि न लावलं काय. आधी साध्या पाण्याने अंग ओलं करा. नेहमीचा साबण लावायचा असेल तर तो आधी लावून पूर्ण धुऊन टाका. मग पाणी थांबवा. स्वच्छ धुतलेल्या फडक्यावर औषध घेऊन मानेपासून खाली लावत या. काखा, बेंबी, छातीखालच्या घड्या, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, पायाच्या बोटांच्या बेचक्या. एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या आणि मग धुवा. चेहरा, डोळे, कान आणि गुप्तांगाचा आतला भाग यांना लावायचं नाही. कानात गेलं तर इजा होऊ शकते. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी न्हाणीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं. दुखऱ्या गुडघ्याने ओल्या फरशीवर घसरून खुबा मोडून घेण्यात अर्थ नाही.

अंघोळीनंतर अंगाला काही लावायचं नाही. तेल नको, पावडर नको, गुडघ्याला बाम नको. झाडपाल्याचा लेप तर महिनाभर आधीपासूनच बंद. त्याने फोड उठून ऑपरेशन पुढे ढकललेले पेशंट दर हंगामात बघायला मिळतात. अंगावर पुरळ उठलं, खाज सुटली तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवा. क्लोरहेक्सिडिनची ॲलर्जी क्वचितच असते, पण असली तर गंभीर होऊ शकते, आणि ऑपरेशनच्या आधी ती कळलेली बरी.

रोज धुतलेले कपडे, स्वतःचा वेगळा टॉवेल, पहिल्या दिवशी बदललेली चादर आणि उशीचा अभ्रा. गगनबावड्याच्या पावसात कपडे वाळत नाहीत हे मान्य; म्हणून पाच जोड आधीच धुऊन, इस्त्री करून ठेवा. या कपड्यांना क्लोरीनचं ब्लीच लावू नका, क्लोरहेक्सिडिन लागलेल्या जागी तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत.

काही सर्जन मलमाऐवजी ऑपरेशनच्या दिवशी नाकात पोव्हिडोन आयोडीन लावतात. तोही मान्य मार्ग आहे, विशेषतः मुपिरोसिन चालत नसेल किंवा वेळ कमी असेल तेव्हा. कोर्स संपल्यावर पुन्हा स्वॅब घ्यायचा का, याबाबत पद्धती वेगळ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी न घेता पुढे जातात.

पायरी ६: पाय आणि वस्तरा

नाकावर इतका वेळ घालवून पायाकडे बघितलंच नाही असं होतं. भातलावणीत, चिखलणीत महिनाभर पाय ओले राहिलेले असतात, बोटांत चिखल्या झालेल्या असतात, टाचांना रक्त येईल इतक्या भेगा. अशी फुटलेली कातडी म्हणजे जंतूला सरळ वाट. ज्या पायाचा गुडघा बदलायचा त्या पायाच्या बेचक्या आणि टाचा स्वॅबच्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा. चिखल्या बऱ्या व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि तेवढे तुमच्या हातात आहेत. ऑपरेशनच्या आधी महिनाभर चिखलात उतरायचं नाही.

धारा काढणाऱ्यांनी हाताकडेही बघावं. म्हशीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली असेल तर त्यामागे बऱ्याचदा हाच स्टॅफ ऑरियस असतो. हाताला चिरा असतील तर तेवढे दिवस धारेचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने किंवा रेझरने काढून यायचं नाही. ‘स्वच्छ करून आलोय’ असं कौतुकाने सांगतात, आणि कातडीवर बारीक बारीक कापल्याच्या खुणा असतात. गरज असेल तर दवाखान्यात मशिनने कापतील.

बाकीचं थोडक्यात. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, साधारण साडेसात-आठच्या खाली असावा, प्रत्येक सर्जनची मर्यादा थोडी वेगळी. किडलेले दात, पू धरलेल्या हिरड्या आधी दाखवून घ्या, मिश्री लावणाऱ्यांनी तर नक्कीच. बिडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद.

पायरी ७: ऑपरेशनचा दिवस

त्या सकाळचीही एक अंघोळ असते. दागिने, नेलपॉलिश, कवळी घरी किंवा नातेवाइकांकडे.

एमआरएसए निघालेला असेल तर रिपोर्टची प्रत फाइलमध्ये वरच लावा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तोंडाने सांगा. कारण साधं आहे. सिफाझोलिन चीर देण्याआधी तासाभराच्या आत पटकन देता येतं. एमआरएसएसाठी देतात ते व्हॅन्कोमायसिन मात्र सलाइनमधून हळूहळू, निदान तासभर घेऊन द्यावं लागतं, म्हणून ते दोन तास आधीच्या वेळेत सुरू करावं लागतं. टेबलावर घेतल्यावर कोणाला तरी आठवलं तर ते वेळेत पूर्ण होत नाही. भरभर सोडलं तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. असं वाटलं तर लगेच सिस्टरला सांगा, वेग कमी केला की बहुतेक वेळा थांबतं. बऱ्याचदा व्हॅन्कोमायसिनच्या जोडीने सिफाझोलिनही देतात. ‘दोन-दोन कशाला?’ असं वाटेल, पण बाकीच्या जंतूंवर सिफाझोलिनच जास्त चांगलं चालतं.

वेगळी खोली दिली, सिस्टर गाऊन-ग्लोव्हज घालून आली तर अपमान वाटून घेऊ नका. ते शेजारच्या पेशंटसाठी असतं. भेटायला येणाऱ्यांनी आत शिरताना आणि बाहेर पडताना हात चोळायचं औषध वापरावं, आणि पलंगावर बसू नये. गावाकडून जीप भरून भेटायला यायची पद्धत आहे; त्यांना फोनवर बोलायला सांगा, घरी गेल्यावर भेटू द्या.

घरी गेल्यावर

जखमेतून पाणी किंवा पू येणं, टाके कोरडे होऊन पुन्हा ओले होणं, लाली पसरत जाणं, ताप, किंवा कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढणं, यातलं काहीही दिसलं तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा, त्याच दिवशी. गावातल्या दवाखान्यात आधी अँटिबायोटिकची गोळी घेतली की जंतू कल्चरमध्ये सापडेनासा होतो आणि कोणतं औषध चालेल ते कळायला मार्ग उरत नाही. गोळी घेण्याआधी सांध्यातलं पाणी तपासायला जाणं महत्त्वाचं.

स्वॅबचा रिपोर्ट, मलम-अंघोळीची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कुठल्याही कारणाने ॲडमिट व्हायची वेळ आली, अगदी मोतीबिंदूसाठीसुद्धा, तर एमआरएसए निघाला होता हे तिथे सांगावं लागतं.

बहुतेकांचा दुसराही गुडघा झिजलेला असतो आणि सहा महिन्यांनी, वर्षाने त्याची तारीख निघते. तेव्हा मागचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून सुटका होत नाही. मधल्या काळात तुम्ही दवाखान्यात राहून आलेले असता, अँटिबायोटिक घेतलेलं असतं. स्वॅब नव्याने द्यायचा, तोही तारखेच्या तीन-चार आठवडे आधी.